सावडीचा कांदा

बाजीरावांनी आयुष्यात दोन गोष्टी कधी केल्या नव्हत्या. दिलेला शब्द फिरवला नव्हता, आणि कुणाची सावड अंगावर ठेवली नव्हती. आज तू माझ्या वावरात राब, उद्या मी तुझ्या वावरात राबतो. पैशाचं नाव नाही, दुपारचं जेवण तेवढं शेतमालकाचं, ही सावडीची रीत. ती त्यांनी चोख पाळली होती. अवसरीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचा उपयोग कसा करून घ्यायचा, हे मात्र त्यांच्या घरातल्या बायकांना जास्त ठाऊक होतं.

मंगळवारी विद्यापीठ महिला मंडळाच्या स्नेहल मॅडम घरी आल्या होत्या. हे मंडळ मंचर, घोडेगाव, जुन्नर भागातल्या पदवीधर बायकांचं. कुणी कॉलेजात शिकवते, कुणी बँकेत, कुणाचं औषधांचं दुकान. आपण विद्यापीठाची पदवी घेऊन आलो, तशी मागच्या पोरींनीही घ्यावी, एवढंच त्यांचं म्हणणं. जुन्नरच्या जुन्या पेठेतल्या एका घरात त्यांनी अभ्यासघर काढलं होतं. बारावीच्या मुलींनी परीक्षेपर्यंत तिथं राहायचं, मंडळाच्या बायकांनी पाळीपाळीनं शिकवायला यायचं आणि सोबतीला एकीनं रात्री तिथंच झोपायचं. रत्नाला तिथं खाट मिळाली होती. सोमवारी सकाळपर्यंत ती पोचली नाही, तर खाट दुसरीला जाणार होती.

रत्नाला शेतकी कॉलेजात जायचं होतं. ते ऐकून तिचे आबा, म्हणजे बाजीराव, खो-खो हसले होते. "कांदा लावायला कालेज कशाला पायजे?" मग नातीचं तोंड एवढंसं झालेलं बघून त्यांनी जरा नमतं घेतल्यासारखं केलं. "हे बघा म्याडम, दोन एकराची लावणी ऱ्हायलीया. ती व्हऊ द्या. लावणी झाली की पोरगी तुमची. माझा शबुद."

शब्द देताना त्यांचा हिशोब पक्का होता. यंदा मजूर मिळत नव्हते. लावणीला डोंगराकडच्या टोळ्या यायच्या, त्या अजून खाली उतरल्या नव्हत्या. घरच्या चार माणसांनी दोन एकर लावायचं तर संक्रांत उलटणार. म्हणजे शब्दही राहिला आणि पोरगीही घरात राहिली. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन बाजीराव त्या रात्री एक भाकरी जास्त जेवले.

आणि शनिवारी सकाळी त्यांच्या बांधावर गाडी येऊन थांबली.

आरती लेकीबरोबर रोपं उपटत होती. गाडीतून बायका उतरायला लागल्या, त्या उतरतच राहिल्या. मागून दुसरी गाडी आली. सगळ्यांनी जुन्या साड्यांवर नवऱ्यांचे लांब बाह्यांचे शर्ट चढवलेले, डोक्याला फडकी बांधलेली. सगळ्यांत पुढं स्नेहल मॅडम, चपला हातात घेऊन.

"आई, ह्या इथं कशाला आल्या?" रत्ना हळूच म्हणाली.

आरतीला काय माहीत! तिनं तर चार दिवसांपूर्वीच आशा सोडली होती. नवरा रामदास म्हणजे अडकित्त्यातली सुपारी. इकडं बाप, तिकडं बायको, मध्ये हा गप्प. आणि सासू, जानकाबाई? मंगळवारी भर बैठकीत तिनं नवऱ्याची री ओढली होती. "खरंय ह्यांचं, आदी लावणी. पोरगी काय पळून चाललीया व्हय?" तेव्हापासून आरती सासूशी कामापुरतं बोलत होती.

बाजीराव पाण्याची दारं धरायचं सोडून बांधावर आले. "म्याडम, हे कुणाचं वऱ्हाड आनलं?"

"वऱ्हाड नाही आबा, लावणीला आलोय," स्नेहल मॅडम म्हणाल्या.

"रोजानं?"

"नाही. सावडीनं."

बाजीरावांनी डोळे बारीक केले. सावडीनं आलेल्या माणसाला बांधावरून परत लावायचं, हे त्यांच्या सात पिढ्यांत झालं नव्हतं. पण त्या शर्टवाल्या बायकांकडं बघून त्यांना जरा धीरही आला. ह्या काय लावणार! दुपारपर्यंत कंबर धरून गाडीत बसतील.

"या की," ते म्हणाले. "वावर तुमचंच हाये. पर सांगून ठिवतो, रोप वाकडं लागलं तर पुन्ना लावाया लागंल."

*

बाजीरावांचा अंदाज पहिल्याच वाफ्यात चुकला.

एक धिप्पाड बाई पदर खोचून चिखलात उतरली, डाव्या हातात रोपांची मूठ धरली आणि उजव्या अंगठ्यानं एकामागून एक रोप असं खोचत निघाली, की बाजीराव बघतच राहिले. त्यांच्या घरच्या माणसांनाही ही चाल जमली नसती.

"तुमी कुठल्या वो, बाई?"

"खोडदची. मंचरला दातांचा दवाखाना आहे माझा." तिनं मान वर केली नाही. "सकाळी बापाच्या वावरात लावणी करायची आणि मग कॉलेजला पळायचं, अशी शिकले. दात काढायला शिकले म्हणून रोप लावायला विसरले काय?"

बाजीराव पुढच्या वाफ्यावर गेले. तिथं बँकेतली एक, तिच्या पलीकडं कॉलेजात इतिहास शिकवणारी. बऱ्याच जणी ह्याच मातीतल्या निघाल्या. कुणी पारगावची, कुणी ओतूरची. बाजीराव वाकून वाकून खोट शोधत होते आणि खोट सापडत नव्हती, याचा त्यांना फार राग येत होता. पोरगी शिकली की मातीला विसरते, असं ते आजवर ज्याला त्याला सांगत आले होते. इथं तर शिकलेल्या बायका घोटाभर चिखलात उभ्या राहून एकमेकींच्या सासवांच्या नकला करत होत्या.

अखेर एका वाफ्यात त्यांना हवं ते सापडलं. पुण्यात वाढलेल्या चित्रा मॅडम जीव लावून काम करत होत्या, पण त्यांची रोपं मानेपर्यंत आत गेली होती.

"बाई, रोप लावताय का पुरताय?" बाजीराव आनंदानं ओरडले.

"चुकलं का? दाखवा ना सर."

सर! बाजीरावांना जन्मात कुणी सर म्हणालं नव्हतं. ते धोतर वर खोचून वाफ्यात उतरले. "हे बघा. मूळ तेवढं आत, मान वर. कांद्याला फुगाया जागा नगं का? लेकराला गळ्यापत्तोर दुपट्यात गुंडाळलं तर त्ये हातपाय कसं हालवील?" चित्रा मॅडम मान डोलावत मागं सरकल्या आणि पाय घसरून थेट चिखलात बसल्या. सगळं वावर हसलं. त्या स्वतःच सगळ्यांत जास्त हसल्या. "उठवू नका, बसूनच लावते," म्हणाल्या.

ही मजा बघून शेजारच्या वस्तीवरच्या चार-पाच बायकाही उतरल्या. दुपारपर्यंत बाजीराव स्वतः रोपांच्या मुठी वाहत होते, रामदासवर ओरडत होते, "पानी सोड लवकर, बायका खोळंबल्यात!" आणि वावर भराभर हिरवं होत चाललेलं बघून त्यांना बरं वाटत होतं. बरं वाटतंय हे ध्यानात आल्यावर ते स्वतःवरच चिडले. लावणी संपली की काय होणार होतं, ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

*

जेवणाला आंब्याखाली पंगत बसली. जानकाबाईंनी घरून डोक्यावर पातेलं आणलं, मागोमाग शेजारणीनं भाकरीची दुरडी. पातेल्यावरचं झाकण निघालं आणि आरतीच्या हातातली ताटं तशीच राहिली.

मासवडी होती. एवढ्या माणसांना पुरेल इतकी.

मासवडी काय चहा आहे, पाहुणे दारात दिसले की ठेवायला? तीळ आणि खोबरं भाजायचं, लसणाबरोबर कुटायचं, बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, सारण भरून वळायचं आणि मग सुबक वड्या पाडायच्या. त्यात रस्सा वेगळा. काल संध्याकाळी सासू शेजारी कुटायला गेली होती, ते आरतीला आठवलं. "त्यांच्या घरी काय तरी हाये," एवढंच म्हणाली होती.

"आत्या," आरती सासूच्या कानाशी गेली. "तुमाला ठावं व्हतं ह्या येनार म्हनून?"

"मी बलिवल्याबिगर कशा येतील?" जानकाबाई रस्सा ढवळत म्हणाल्या. "बुधवारी बाजाराला गेले, तवा म्याडमला गाठलं. म्हनलं, ह्यांनी लावणीचा शबुद दिलाय ना? मग लावणीच करा. अन् सावड म्हना, म्हंजी परतवाया येनार न्हाई."

"मग मंगळवारी तुमी त्यांच्या बाजूनं का बोलला?"

"'माझ्या बायकूचं बी ह्येच म्हननं हाये' असं त्यांना वाटलं, म्हनून तर त्यांनी शबुद दिला. मी तुज्या बाजूनं बोलले असते, तर 'बघू' म्हनून उठलं असतं. चाळीस वरसं त्या मानसाच्या 'बघू'संगं काढल्यात गं मी."

आरतीला हसू आलं आणि रडूही आलं. चार दिवस ह्या बाईशी आपण अबोला धरला! तिनं तिथंच, सगळ्यांसमोर, सासूच्या गळ्यात हात टाकले.

"आगं सोड, रस्सा सांडंल," जानकाबाई म्हणाल्या, पण त्याही चटकन बाजूला झाल्या नाहीत.

उन्हं उतरायच्या आत शेवटचा वाफा लागला. बाजीराव बांधावर उभे राहिले. सगळे त्यांच्याकडं बघत होते. रत्ना तर श्वास धरून.

"लावणी झाली," ते म्हणाले. "शबुद त्यो शबुद. पर एक हाये. सावड अंगावर असताना घरातलं मानूस भाईर घालवायची आमच्यात रीत न्हाई. आदी सावड फेडू, मग पोरगी जाईल. बोला म्याडम, तुमचं वावर कुठं हाये अन् लावणी कवा?"

असली रीत जानकाबाईंनी तरी कधी ऐकली नव्हती. ती बाजीरावांना आत्ताच सुचली होती. मॅडमांकडं वावर कुठलं असणार? आणि असलं तरी सोमवारच्या आत कसलं काम निघतंय? बाजीरावांच्या मिशा जरा वर गेल्या.

"उद्याच आहे," स्नेहल मॅडम शांतपणे म्हणाल्या.

"उंद्या? कुठं?"

"डिंभे धरणाच्या पलीकडं. आम्ही दर रविवारी वाड्यावस्त्यांवर जातो, बारावीच्या मुलींच्या घरी. अभ्यासघरात पोरीला पाठवा म्हणून बापांची समजूत घालायची. आमचं वावर ते आणि आमची लावणी ती. उद्याचा बाप लई अवघड आहे, आमचं ऐकत नाही. तुमच्यासारखं वजनदार माणूस हवं."

चोरावर मोर म्हणतात ते हे. बाजीरावांनी बायकोकडं पाहिलं. जानकाबाई भाकरीची रिकामी दुरडी मन लावून झाडत होत्या.

*

रविवारी रामदासनं गाडी काढली. शेजारी फेटा बांधून आबा, मागं स्नेहल मॅडम आणि आरती. घोडेगाव मागं पडलं, धरणाचं पाणी आलं आणि गेलं, तरी आबा तोंड उघडेनात. रामदासला वाटलं, हे तिथं जाऊन मुद्दाम काहीतरी वाकडं बोलणार आणि माझी पोरगी घरीच राहणार. बापासमोर बोलायचं धाडस त्याला कधी झालं नव्हतं. आजही झालं नाही.

तो अवघड बाप, सावळेराम, अंगणात मॅडमांची वाट बघतच होता. पन्नाशीचा, वाळकुडा माणूस. त्याची पोरगी दारामागं उभी होती. त्यानं बाजीरावांना बघितलं आणि तो लगबगीनं उठला.

"आबा? अवसरीचं आबा ना तुमी? दोन सालं आमची टोळी तुमच्याच वावरात व्हती की लावणीला! ही माझी रोहिणी बी व्हती."

"व्हय व्हय, वळाकलं." बाजीराव सैलावले. घोंगडीवर बसले. चहा आला. मग खाकरून त्यांनी कामाला हात घातला. सावड म्हणजे सावड, त्यात कुचराई नाही. "सावळेराम, पोरीला जुन्नरला का धाडत न्हाईस?"

"धाडू की. आदी कांद्याची लावणी व्हऊ द्या. टोळी खाली उतरायचीया. लावणी झाली की बघू."

रामदासनं खाली मान घातली. आरतीनं पदर तोंडाला लावला. बाजीरावांच्या कपाळावर मात्र आठ्या पडल्या. एवढं लबाड बोलणं त्यांनी फार दिवसांत ऐकलं नसावं.

"लावणी दर साली येती," ते जोरात म्हणाले. "बारावी दर साली येती का?"

"तसं न्हवं आबा. पर कांदा लावाया कशाला पायजे एवढं शिकाया? अन् शिकली की मातीला इसरत्यात पोरी."

"कोन म्हनतं?" बाजीराव घोंगडीवरून उठलेच. "काल माज्या वावरात येऊन बघाया पायजे व्हतंस! दातांची डाक्टर, ब्यांकेतली साहेबीन, अशा लावत व्हत्या कांदा की तुजी टोळी झक मारंल! मातीला काय इसरत न्हाईत. आपुनच बोंबलत ऱ्हातो."

स्नेहल मॅडम चहाच्या कपात बघत होत्या. हसू दाबायला कप बरा पडतो.

सावळेरामनं सरळ बाजीरावांच्या डोळ्यांत बघून विचारलं, "आबा, तुमची नात हाये नव्हं, रत्ना? हिच्याच वयाची. लावणीत हिच्यासंगं बोलत बसायची. ती जाती का तिकडं?"

रामदासच्या मनात आलं, आता आबा 'बघू' म्हणणार. बापाचं 'बघू' त्याला जन्मापासून पाठ होतं.

"जाती," बाजीराव म्हणाले. "उंद्या सकाळी. मीच सोडाया जानार हाये."

आरतीनं नवऱ्याचा हात धरला, सासऱ्यासमोर, आयुष्यात पहिल्यांदा.

सावळेराम बोटानं अंगणातली माती उकरायला लागला. "खरं सांगू का आबा? लावणी न् कांदा ही समदी सोंगं. सांजच्याला घरी आलो की ही एकटीच बोलती माझ्यासंगं. आज साळंत काय झालं, कोन काय म्हनलं. ही गेली तर घर खायाला उठंल मला."

बाजीराव पुन्हा खाली बसले. आवाज एकदम उतरला.

"माझं बी त्येच हाये रं," ते म्हणाले. "रोज सकाळी बांधावर माझ्यासंगं च्या प्याया रत्नाच असती. बाकीची मला भित्यात. तीच तेवढी भांडती. मी बी त्यापायीच सोंगं केली. पर काल त्या बाया बघितल्या अन् वाटलं, ह्यांच्या बापांनी बी च्या एकट्यानंच पिला आसंल की. म्हनून तर ह्या अशा झाल्या."

रामदास बापाकडं बघत राहिला. ह्या माणसाला आपण इतकी वर्षं नुसतं भ्यालो, आणि तो एकट्यानं चहा प्यायला घाबरतोय. त्याला बापाची फार माया आली. "आबा," तो म्हणाला, "उंद्यापासनं च्याला मी येत जाईन बांधावर."

"तू भांडशील का?"

"शिकंन की."

सावळेराम हसला. दारामागची रोहिणीही हसली. "उंद्या येतो आमी," सावळेराम म्हणाला. "पर आबा, तुमची नात दिसली पायजे तिथं. न्हाई दिसली तर त्याच यष्टीनं माघारी."

"आमच्याकडं हिला सावड म्हनत्यात," गाडीत बसता बसता बाजीरावांनी त्याला बजावलं. "मी तुज्याकडं आलो, आता तुला यायाच पायजे."

"आमच्याकडं पडकई म्हनत्यात," सावळेराम म्हणाला. "पर फेडाया लागतीच."

*

सोमवारी जुन्नरच्या त्या गल्लीत गाडी शिरेना, म्हणून बाजीराव रत्नाची ट्रंक स्वतःच्या खांद्यावर घेऊन चालत निघाले. रामदासनं दोनदा मागितली, दिली नाही. मागं आरती, तिच्या मागं जानकाबाई मासवडीचा डबा घेऊन. उरलेलं सारण त्यांनी बाजूला काढून ठेवलं होतं, म्हणजे पोरगी जाणार हे त्यांना कधीपासून पक्कं माहीत होतं बघा.

अभ्यासघरात ओळीनं खाटा होत्या. रत्नानं खिडकीजवळची आपली खाट बघितली, मग आबांकडं बघितलं आणि तिचे डोळे भरले.

"आबा, तुमी रडताय?"

"रडतोय. मग? चोरी हाये का?" बाजीरावांनी फेट्याच्या शेमल्यानं नाक पुसलं. "कालेजात जा, पर एक ध्यानात ठेव. तिथं कुनी म्हनलं की रोप मानंपत्तोर गाडायचं, तर ऐकायचं न्हाई."

एवढ्यात दारात सावळेराम आला. त्यानं आधी रत्ना आहे का ते बघितलं, ती दिसल्यावर मग लेकीला आत ढकललं. दोन्ही पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि खाटांवर बसून अशा बोलायला लागल्या, की दारातल्या त्या दोघांची त्यांना आठवणही राहिली नाही.

"चला," जानकाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "फिटली तुमची सावड."

बाजीराव जागचे हलले नाहीत. "फिटली कशी? मानसागनिक फेडायची असती सावड. शनिवारी बाया किती आल्या व्हत्या? अन् मी गेलो एकदाच." ते स्नेहल मॅडमांकडं वळले. "म्याडम, पुढल्या रविवारी कुठली वाडी?"

स्नेहल मॅडमांनी पिशवीतून वाड्यांची यादी काढली.

"अन् गाडीत सुनंला जागा ठिवा. तिच्याच पोरीची गोष्ट असून काल तोंड उघडलं न्हाई तिनं, मीच बोलत व्हतो. ह्या खेपेला ती बोलंल, मी बसंन."

"अन् मी?" जानकाबाईंनी विचारलं.

बाजीरावांनी बायकोकडं नीट बघितलं. बाजारातली बुधवारची खेप, शेजारी कुटायला नेलेले तीळ, मंगळवारची ती ओढलेली री, सगळं त्यांना आत्ता एकदम कळलं असावं.

"तू तर पयली बस," ते म्हणाले. "तू गाडीत असलीस की कुनाच्या बापाची काय टाप हाये, 'बघू' म्हनायची!"